लंडनला निघालेले जहाज आणि किनाऱ्यावर जगलेली कंपनी

दरवर्षी ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच तारखेला लॉयल्टी हे हिंदी मालकीचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. समारंभांतून या सफरीचे गोडवे गायिले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु पहिल्या सफरीचे धाडस एक आणि त्यानंतर कंपनी जिवंत ठेवणे दुसरे. वालचंद हिराचंद यांच्या चरित्रातील हा दुसरा भाग अधिक बोधप्रद असूनही त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. पदवी पुरी न करताच त्यांनी कॉलेज सोडले. घरच्या सावकारीत व कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. एकाकडे भांडवल आणि दुसऱ्याकडे रेल्वेच्या कामाची माहिती, असा तो संसार होता. पुढे बोगदे, पूल, साखर, विमाने, मोटारी असे अनेक उद्योग त्यांनी केले. त्या सर्वांची यादी येथे देण्याचे कारण नाही.

पहिल्या महायुद्धात जहाजांची टंचाई पडून भाडी कडाडली होती. अशा वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे लॉयल्टी विक्रीस निघाले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ते घेतले आणि साडेचार कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलाची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. वस्तुतः हा सौदा हिशेबी माणसाचा नव्हता. १८९१ साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी बांधलेले हे जहाज आता म्हातारे झाले होते आणि चालवावयास महाग होते. चार वर्षांतच, १९२३ मध्ये, ते मोडीत निघाले. पुढील जहाजेही कंपनीने युद्धोत्तर तेजीच्या भावाने घेतली आणि लगेच जगभर मंदी आली. उद्योगाने आधी घर सावरावे आणि मग परदेशी जावे, असा सर्वसाधारण क्रम असतो. सिंदियाने जन्मतःच लंडन गाठले, आणि मग तिला आपल्याच किनाऱ्यावर पाय रोवण्यासाठी झगडावे लागले.

हा झगडा कशाशी होता, हे समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या तिरोड्यातही सहज समजेल. धानाच्या या मुलखात तांदळाला भाव किती यापेक्षा तो बाजारात पोचविण्यास खर्च किती येतो, यावर पुष्कळदा सौदा ठरतो. मुंबईला रंगूनचा तांदूळ समुद्रमार्गे येई, आणि ती वाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होती. सिंदियाची जहाजे त्या मार्गावर येताच ब्रिटिश कंपनीने भाडे इतके उतरविले की, ते नवख्या कंपनीला परवडणे शक्य नव्हते. त्यात सवलतीची एक चतुर पद्धत होती. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीपर्यंत सर्व माल त्याच कंपनीकडून धाडला, तरच भरलेल्या भाड्याचा काही भाग त्याला नंतर परत मिळे. मध्येच काही पोती दुसऱ्या जहाजावर चढविली, तर साठलेली सवलत बुडे. तेव्हा सिंदियाचे भाडे कमी असले, तरी व्यापाऱ्याला तिच्याकडे वळणे महाग पडे.

या शस्त्राने पूर्वीही बळी घेतले होते. जमशेटजी टाटांनी १८९० नंतरच्या दशकात चीन-जपानकडे सूत नेण्यासाठी जहाजे चालविली, पण भाडेयुद्धात तो प्रयत्न संपला. तुतिकोरीनच्या चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ साली काढलेली स्वदेशी कंपनीही बुडाली. देशभक्ती या दोन्ही ठिकाणी कमी नव्हती. कमी पडला तो दम.

सिंदियाला विकत घेण्याचाही प्रस्ताव ब्रिटिश बाजूने आला. तो मान्य झाला नाही. मात्र १९२३ साली कंपनीने दहा वर्षांचा करार केला. आपल्या जहाजांची क्षमता ७५ हजार टनांपुढे न्यावयाची नाही आणि किनाऱ्यावरील मालवाहतुकीतच राहावयाचे, हे तिने मान्य केले. लंडनच्या सफरीने ज्या कंपनीचा जन्म झाला, तिने परदेशचा मार्ग लेखी सोडून दिला. याला शरणागती म्हणावयास जागा आहे. परंतु त्या करारामुळे भाडेयुद्ध थांबले आणि भागधारकांचे उरलेसुरले भांडवल वाचले. आणखी दोन-तीन वर्षे अभिमानाने लढून कंपनी दिवाळखोरीत गेली असती, तर इंचकेप यांच्या मनासारखेच झाले असते.

करार करून वालचंद स्वस्थ बसले नाहीत, हे महत्त्वाचे. भाड्याच्या लढाईत जे मिळाले नाही, ते कायद्याच्या मार्गाने मिळविण्याचा प्रयत्न झाला. किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक सिंदियाशी संबंधित साराभाई हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते मंजूर होऊ शकले नाही, पण प्रश्न एका कंपनीचा न राहता देशाचा झाला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या अपघाती निधनानंतर अध्यक्षपदाचा भार वालचंदांवर आला. कराराची मुदत सरल्यावर, १९३७ च्या सुमारास, कंपनीने हजयात्रेकरूंची वाहतूक सुरू केली आणि पुन्हा भाडेयुद्धाला तोंड दिले. या वेळी ती नवखी नव्हती. १९४१ साली विशाखापट्टणम् येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी जलउषा पाण्यात उतरली. स्वातंत्र्यानंतर सिंदियाची जहाजे पुन्हा नियमाने विलायतेच्या मार्गाला लागली. लॉयल्टी निघाल्याला तोवर जवळजवळ तीन दशके उलटली होती.

वालचंद १९५० मध्ये अध्यक्षपदावरून दूर झाले. जहाजांचा कारखाना १९५२ मध्ये सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सिंदिया कंपनी त्यांच्यानंतर आणखी तीसेक वर्षे समुद्रावर होती. १९८० नंतरच्या दशकात ती कर्जाखाली वाकली, आणि त्या वेळी भाडी पाडणारा कोणी इंचकेप समोर नव्हता.