भटारखान्याचा मान

उपनगरातल्या घरी गावाहून पाहुणे आले की एक रविवार ठरलेला असतो. अंधेरी-बोरिवलीची मंडळी चर्चगेटला उतरतात, मुलुंड-घाटकोपरची सीएसएमटीला, आणि सगळे गेटवेपाशी पोहोचतात. समुद्र पाहून झाला, लाँचची फेरी झाली, की नजर वळते ती ताजमहाल हॉटेलाकडे. आत काय खायला मिळत असेल आणि त्याचे बिल किती होत असेल, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. सव्वाशे वर्षांपूर्वी एका गृहस्थांना हाच प्रश्न उलट बाजूने पडला होता. बोटीतून उतरलेल्या परक्या माणसाने मुंबईत चांगले जेवायचे तरी कुठे? त्या गृहस्थांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी मुंबईत येऊन व्यापारात पडले. मुलगा १८५८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून शिकून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगला गेला. अमेरिकेतील यादवी संपून १८६५ मध्ये कापसाचा भाव कोसळला तेव्हा तो लंडनमध्ये होता. घेणेकऱ्यांना तोंड चुकवायचे नाही, हा धडा त्याने तिथे घेतला. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि १८८६ मध्ये कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी विकत घेऊन जमशेटजींनी तिची स्वदेशी मिल केली. घाटकोपर-कुर्ल्याच्या कितीतरी घरांत त्या गिरणीच्या पगारावर पुढे चूल पेटली.

जमशेटजी खाण्याचे शौकीन होते. फिरोजशहा मेहतांसारख्या मित्रांबरोबर १८८४ मध्ये त्यांनी रिपन क्लब उभा केला. त्या क्लबातले बुधवारचे धनसाक पुढे सगळ्या फोर्टात नावाजले गेले. चीन, जपान, युरोप, अमेरिका असा त्यांचा प्रवास चाले, आणि प्रत्येक मुक्कामी बाजारपेठेइतकेच त्यांचे लक्ष उतरण्या-जेवण्याच्या सोयीकडे असे.

त्या काळी जगभर मोठ्या हॉटेलातले जेवण म्हणजे फ्रेंच धर्तीचे जेवण, हा संकेत पक्का होत चालला होता. सेझार रिट्झ हा स्विस व्यवस्थापक आणि ऑग्युस्त एस्कोफिए हा फ्रेंच आचारी या जोडीने आधी लंडनच्या सॅव्हॉयमध्ये आणि १८९८ पासून पॅरिसच्या रिट्झमध्ये त्याला शिस्त लावली. एस्कोफिएने भटारखान्याचे विभाग पाडले. रस्सा एकाने, मासे दुसऱ्याने, भाजलेले मांस तिसऱ्याने, अशी वाटणी केली. त्यामुळे शंभर पाने एकाच वेळी गरम वाढता येऊ लागली. ही पद्धत बोटींबरोबर पूर्वेकडेही निघाली. पेनांगला १८८५ मध्ये, सिंगापूरला १८८७ मध्ये सार्कीज बंधूंची हॉटेले उघडली, १९०१ मध्ये त्यांचेच रंगूनचे स्ट्रँड आले. त्याच वर्षी फ्रेंचांच्या हनोईत मेट्रोपोल सुरू झाले. पूर्वेच्या बंदरांत प्रवाशाला आता बरे ताट मिळू लागले होते. मुंबई मात्र मागे पडली होती.

मुंबईत १८७१ पासून वॉट्सनचे लोखंडी सांगाड्याचे हॉटेल होते. तिथे जमशेटजींना हिंदी म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोष्ट मनाला पटते, पण तिला समकालीन आधार सापडत नाही आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. त्यांचे मित्र आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांच्या आठवणींतून वेगळेच चित्र दिसते. हॉटेलचा मालक होण्याची जमशेटजींना हौस नव्हती. बाहेरच्या लोकांनी भारतात यावे आणि त्या निमित्ताने मुंबई सुधारावी, एवढीच त्यांची इच्छा होती. १८९६ च्या प्लेगने शहराची अब्रू आणि अवसान दोन्ही गेले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

घरात मात्र हा बेत सगळ्यांना पटला नाही. पोलादाचा कारखाना आणि विज्ञानाची संस्था काढायला निघालेला भाऊ आता भटारखाना काढणार, याचे त्यांच्या एका बहिणीला फार नवल वाटले आणि तिने ते गुजरातीत बोलूनही दाखवले, असे सांगतात. बहिणीचे काय चुकले? लोकांना पैसे घेऊन जेवू घालणे हे खालच्या दर्जाचे काम, अशी समजूत आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अगदी परवापर्यंत होती. मुलगा हॉटेलात कामाला आहे हे स्थळ पाहताना हळू आवाजात सांगितले जाई.

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले, तर हा प्रस्ताव मंजूर होण्यासारखा नव्हता. प्लेगचे शहर, पूर्वानुभव शून्य, वसुली केव्हा ते अनिश्चित. जमशेटजींनी कंपनीचा पैसा त्यात घातला नाही, स्वतःचा घातला. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाने आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. काम पूर्ण केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. सामानाची खरेदी करायला जमशेटजी स्वतः युरोपात हिंडले. विजेची यंत्रे ड्युसेलडॉर्फची, झुंबरे बर्लिनची, पंखे अमेरिकेचे आणि मेजवानीच्या दालनाचे लोखंडी खांब पॅरिसचे. बर्फ करण्याचे यंत्रही आले. लोणी, साय आणि मासे यांवर चालणारा फ्रेंच धर्तीचा स्वयंपाक मुंबईच्या उकाड्यात बर्फाशिवाय टिकलाच नसता. पूर्वी तर या शहरात बर्फ अमेरिकेहून जहाजातून येत असे.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा पाहुणे होते सतरा. त्यानंतर जमशेटजींना जेमतेम पाच महिने मिळाले. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या आणि १९ मे रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांनी स्वतःही डोळे मिटले. पोलादाचा कारखाना आणि विज्ञानाची संस्था त्यांनी पाहिलीच नाही. जुहूच्या दलदलीत भराव घालून समुद्रकाठची वस्ती उभारण्याचा बेतही कागदावर राहिला. बहिणीला कमी वाटला तो भटारखाना तेवढा त्यांनी पेटलेला पाहिला.

तो पेटता राहिला. पहिल्या महायुद्धात ताजचे सहाशे खाटांचे इस्पितळ झाले. पुढे गोव्याचे मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस, म्हणजे सगळ्यांचे मास्की, तिथले मुख्य आचारी झाले. फ्रेंच पदार्थांवर आता आपल्या माणसाचा हात फिरू लागला. १९७० च्या दशकात शेजारी टॉवर उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावर राँदेव्हू हे फ्रेंच रेस्टॉरंट बरीच वर्षे चालले. आता ते नाही. पण क्रोसाँ बोरिवलीच्या बेकरीतही मिळतो आणि हॉटेल मॅनेजमेंटला गेलेल्या मुलीचे कौतुक मुलुंडची आजी शेजारणीला मोठ्याने सांगते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजवर दहशतवादी हल्ला झाला. पळून जाण्याच्या वाटा तिथल्या नोकरांना ठाऊक होत्या. तरी भटारखान्यातली माणसे थांबली. पाहुण्यांना मागच्या वाटेने बाहेर काढताना त्यांनी स्वतःची भिंत उभी केली आणि त्यांतले काही जण गोळ्यांना बळी पडले. ते आचारी होते, त्यांचे मदतनीस होते. अशी माणसे जिथे कामाला असतात, तो भटारखाना काढायला जमशेटजी निघाले होते.