सोडा बाटलीवरील रेघेचा इतिहास घडविणारे मायकेल ओवेन्स

जुन्या सोडा बाटलीचा काळ ठरविताना जाणकार प्रथम तिच्या अंगावरील साच्याची जोडरेघ पाहतात. ही रेघ तोंडाच्या खालीच संपत असेल, तर तोंडाची कड कारागिराने हाताने घडविलेली असते. ती थेट काठापर्यंत पोहोचत असेल, तर बाटली यंत्रावर तयार झाल्याचे सहसा मानले जाते. हाताकडून यंत्राकडे झालेल्या या स्थित्यंतरात अमेरिकी संशोधक मायकेल जोसेफ ओवेन्स यांचा वाटा मोठा आहे.

ओवेन्स यांचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी, आज वेस्ट व्हर्जिनिया राज्यात असलेल्या मेसन काउंटीत, आयरिश स्थलांतरित कुटुंबात झाला. वडील कोळसा खाणीत कामगार होते. घरच्या गरिबीमुळे ओवेन्स वयाच्या दहाव्या वर्षी व्हीलिंग येथील काच कारखान्यात भट्टीवर कोळसा टाकू लागले. पंधराव्या वर्षी ते काच फुंकणारे कारागीर झाले. पुढे कामगार संघटनेतही ते सक्रिय राहिले. १८८८ मध्ये ते टोलेडो येथे एडवर्ड लिबी यांच्या कारखान्यात रुजू झाले.

वितळलेली काच पंपाप्रमाणे साच्यात ओढून घ्यायची आणि नंतर हवेच्या दाबाने तिला आकार द्यायचा, हे त्यांच्या यंत्राचे तत्त्व होते. लिबी यांच्या आर्थिक पाठबळावर १९०३ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९०४ मध्ये यंत्राला पेटंट मिळाले. बाटल्या स्वस्त झाल्या. मात्र, ज्या कारागिरांत ओवेन्स वाढले, त्यांचेच कौशल्य निरुपयोगी ठरू लागले. दुसरीकडे, भट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांची गरज कमी झाली. बालमजुरी हटविण्यात कायद्यांपेक्षा या यंत्राचा वाटा मोठा असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय बालमजुरी समितीने १९१३ मध्ये मान्य केले.

ओवेन्स यांचे २७ डिसेंबर १९२३ रोजी टोलेडो येथे निधन झाले. १९२९ मध्ये त्यांची कंपनी इलिनॉय ग्लास कंपनीत विलीन होऊन ओवेन्स-इलिनॉय ही कंपनी उदयास आली. तिच्या सुरुवातीच्या बाटल्यांच्या तळाशी लंबवर्तुळ, त्यावर चौकट आणि मध्यभागी ‘आय’ हे इंग्रजी अक्षर आढळते. त्याच्या उजवीकडील अंक निर्मितीचे वर्ष सुचवितो. त्याखेरीज, काच ओढून कापताना तळावर उमटलेली गोलाकार खूण आजही ओवेन्स यांच्या यंत्राची साक्ष देते.