चित्र, आकडा आणि दोन रकाने : कोमेनियस यांची गोष्ट



डी.एड.ला आपण कोमेनियस हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं. पण परकी भाषा शिकणाऱ्या मुलाच्या पुस्तकाचं पान कसं असावं, हे समजायला त्यांचं आयुष्य जरूर वाचावं.

जॉन आमोस कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. लहानपणीच आईवडील वारले. सोळाव्या वर्षी ते लॅटिन शाळेत गेले. तेव्हा अर्थ न कळताच नियम घोकावे लागत. पुढे ते शिक्षक आणि धर्मोपदेशक झाले. १६२२ मध्ये साथीत पत्नी आणि दोन्ही मुलं गेली. १६२८ मध्ये धर्मछळामुळे देश सुटला, तो कायमचाच.

पोलंडमधल्या लेझ्नो गावी त्यांनी १६३१ मध्ये लॅटिनचं पाठ्यपुस्तक काढलं. ते युरोपभर गाजलं. पण नुसत्या वाक्यांचं ते पुस्तक अगदी नवख्या मुलांना जड जायचं. म्हणून हंगेरीत शिकवत असताना त्यांनी चित्रांचं पुस्तक लिहायला घेतलं. तिथे चित्रं कोरणारा कारागीर मिळेना. त्यातच १६५६ मध्ये लेझ्नो जळालं आणि कित्येक वर्षांची हस्तलिखितं राख झाली. तरी ते थांबले नाहीत. १६५८ मध्ये न्युरेम्बर्गला 'ऑर्बिस पिक्टस' छापून आलं.

त्याचं पान बघा. वर चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे. खाली दोन रकाने : एकात लॅटिन, शेजारी जर्मन. दोन्हीकडे शब्दापाशी तोच आकडा. मुलाला अर्थ शोधायला पान उलटावं लागत नाही. पुढच्याच वर्षी लंडनचे शिक्षक चार्ल्स हूल यांनी त्याची इंग्रजी-लॅटिन आवृत्ती काढली.

१६७० मध्ये ॲम्स्टरडॅमला, परक्या मुलखातच कोमेनियस वारले. आज चेक देशात त्यांचा जन्मदिवस शिक्षक दिन असतो.

आपल्या वर्गात इंग्रजीचा उतारा वाचताना मूल अडलं, की आपण म्हणतो, याचं लक्षच नाही. पण चित्र एका पानावर, शब्दार्थ उताऱ्याच्या शेवटी आणि ओळी दाटीवाटीने, असं असेल तर शोधाशोधीतच मूल थकतं. अर्थ राहूनच जातो.

उद्या एकच करून बघा. एका उताऱ्याच्या चित्राला आकडे द्या, तेच आकडे शब्दांपाशी लिहा, मराठी अर्थ शेजारी ठेवा. मग मुलाचं बोट कुठे थांबतं ते पाहा.