संगीतकार जोसेफ हायडन

ऑस्ट्रिया देशांतील रोहराऊ या लहानशा गांवीं सन १७३२ त एका चाकें घडविणाऱ्या कारागिराच्या घरीं जोसेफ हायडन याचा जन्म झाला. आवाज गोड म्हणून त्यास बालपणींच व्हिएन्ना येथील सेंट स्टीफन मंदिराच्या गायकवर्गांत घेतलें. परंतु वयाबरोबर आवाज फुटतांच त्यास तेथून बाहेर पडावें लागलें. कांहीं वर्षें शिकवण्या करून व मिळेल तेथें वाजवून त्यानें पोट भरलें.

सन १७६१ त तो एस्टरहाझी नामक सरदार घराण्याच्या पदरीं राहिला. पद मानाचें, पण अंगावर चाकराचा गणवेश! आमच्या संगीतांत एकच स्वरधारा विस्तार पावते. तिकडे अनेक स्वर एकाच वेळीं मिळवून वाजवितात, यास हार्मनी म्हणतात. तंतुवाद्यें, लांकडी सुषिर वाद्यें, पितळी वाद्यें व नगारे या गटांपैकीं कोणीं केव्हां बोलावें व कोणीं गप्प राहावें, हें हायडन तेथील वाद्यवृंदावर रोज प्रयोग करून शिकला.

१७७२ सालीं धन्याचा खेड्यांतील मुक्काम लांबला व वादकांस बायकामुलांकडे जावयास मिळेना. हायडननें अर्ज केला नाहीं. त्यानें एक सिंफनी रचली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपला भाग संपवून, दिवा विझवून उठून गेला. शेवटीं दोनच व्हायोलिनें उरलीं. धन्यानें खूण ओळखून सर्वांस रजा दिली, असें सांगतात. विनंती करण्याची याहून सभ्य रीत आमच्या ऐकिवांत नाहीं.

पुढें तो दोनदां लंडनास गेला. तेथें हँडेलच्या धार्मिक रचना प्रचंड गायकवृंदाकडून ऐकून त्याचें मन भारावलें. परतल्यावर रचलेली त्याची ‘क्रिएशन’ ही कृति १७९८ त प्रथम झाली. आरंभींचा अंधकार दाखविण्यासाठीं त्यानें असे स्वरमेल योजिले कीं, ते विसाव्यास येतीलसें वाटावें आणि येऊं नयेत. तंतुवाद्यांचा आवाजही दाबून मंद केला. मग उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतील शब्द गायक अगदीं हळू म्हणतात, व प्रकाश या शब्दावर सारा वाद्यवृंद एकदम मोकळ्या मेजर स्वरमेलांत गर्जून उठतो. हा स्वरमेल आमचा शिकाऊ मुलगाही पेटीवर वाजवूं शकेल. त्याचें सामर्थ्य आधींच्या अंधारांत आहे.

१८०८ च्या मार्चांत व्हिएन्नाच्या विश्वविद्यालयांत ही कृति झाली, तेव्हां वृद्ध हायडनला खुर्चींत बसवून आणिलें होतें. प्रकाशाच्या जागीं टाळ्यांचा गजर होतांच त्यानें थरथरता हात वर आकाशाकडे केला, असें म्हणतात. श्रम न सोसल्यामुळें त्यास मध्यंतरींच घरीं न्यावें लागलें. पुढच्या वर्षीं मे महिन्याच्या ३१ तारखेस, शहर नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यांत असतां, तो निवर्तला.