बार्तिमी सदनाची शिकवण

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या शब्बाथशाळांतून नेहमी सांगितले जाते. संस्कृतच्या पंडिता, मुक्तिसदनाच्या संस्थापिका, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकर्त्या म्हणून आम्ही त्यांना ओळखतो. परंतु बाईंना ऐकू कमी येत असे, हे आम्ही मुलांना क्वचितच सांगतो.

१८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. आईवडील दुष्काळात गेले. १८८२ साली पती निवर्तले. पदरी लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण कानांनी साथ दिली नाही आणि डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी केडगावी आणल्या. त्यांत घरच्यांनी टाकलेल्या होत्या, छळलेल्या होत्या, अंधही होत्या. अंध भगिनींसाठी बार्तिमी सदन निघाले आणि त्यांच्या हाती ब्रेल लिपी आली. बाईंनी शास्त्राचे भाषांतरही साध्या बायकांना समजेल अशा मराठीत केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

मदत नुसती असून भागत नाही. जिला हवी तिला ती कळली पाहिजे, हे बाईंनी ओळखले होते.

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील मंडळ्यांनी हे मनावर घ्यावे. घरातील छळाविरुद्ध २००५ चा कायदा आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीचा छळ होत असल्याची खबर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे देऊ शकतो. महिलांसाठी १८१ हा दूरध्वनी आहे. परंतु जिला ऐकू येत नाही तिने तो कसा करावा? जिला दिसत नाही तिने भिंतीवरची सूचना कशी वाचावी? मराठी बोलणाऱ्या भगिनीला कानडी कागद कोणी समजावून द्यावा?

म्हणून सूचना मोठ्या अक्षरांत लावावी, आणि उपासनेत वाचूनही दाखवावी. बहिऱ्या भगिनीशी बोलताना तिच्या नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नये. तिला एकटीला भेटावे. काठी लपवणे, कानाचे यंत्र काढून घेणे, पेन्शनचे पैसे परस्पर उचलणे हाही छळच आहे, हे तिला सांगावे. तिने विश्वासाने सांगितलेले मंडळीत चर्चेला येऊ देऊ नये, आणि पुढचे पाऊल तिच्या संमतीने टाकावे.

बार्तिमय ओरडत होता तेव्हा लोकांनी त्याला गप्प केले. प्रभू मात्र थांबला आणि काय हवे ते त्याने त्यालाच विचारले. आम्हीही तसेच थांबावे आणि तिलाच विचारावे, अशी आमची प्रार्थना आहे.