वाळूचे बळ जोखणारा अभियंता

होटगी जंक्शनहून विजयपूरकडे निघालेली गाडी काळ्या मातीची शेते मागे टाकत भीमा नदी ओलांडते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिचा स्वभाव डोळ्यांना दिसतो. नदीकाठची वाळू मात्र किती भार पेलेल, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पाया घालणाऱ्या प्रत्येकाला पडणाऱ्या या प्रश्नाला शास्त्राची बैठक दिली ती कार्ल टर्झागी यांनी.

टर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. ग्राझमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून ते बांधकामाकडे वळले. १९१२ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी धरणांच्या जागांवरील भूस्तरांच्या नोंदी जमवल्या. पण पदरी निराशाच आली. 'वाळू' या एकाच नावाखाली अगदी निराळ्या गुणांचे थर नोंदले जात होते. नावावरून बळ कळत नाही, ते मोजावे लागते, हा धडा त्यांनी घेतला.

१९१६ पासून ते इस्तंबूलमध्ये शिकवू लागले. तेथे टाकाऊ वस्तूंपासून उपकरणे बनवून त्यांनी प्रयोग केले. ओल्या मातीवरचा भार कण आणि पाणी वाटून घेतात. मातीचे बळ मात्र कणांच्या वाट्याला आलेल्या भारावर ठरते, हा त्यांचा सिद्धांत. १९२५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदायांत्रिकी ही स्वतंत्र ज्ञानशाखा उभी राहिली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया सोडून ते अमेरिकेत स्थायिक झाले.

१९४८ मध्ये राल्फ पेक यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथाने जागेवरच्या एका साध्या चाचणीला जगभर मान्यता मिळवून दिली. ६३.५ किलोचा हातोडा सुमारे ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर रुतायला किती घाव लागतात, ते मोजायचे. घाव जितके जास्त, तितकी वाळू घट्ट. मात्र खोली, भूजल आणि उपकरण यांमुळे हा आकडा बदलतो.

२५ ऑक्टोबर १९६३ रोजी टर्झागी यांचे निधन झाले. पुढे हा गुंता सोडवायला संगणक आला. वाळूची घनता, कणांचे घर्षण आणि भोवतालचा दाब गृहीत धरून संगणकातील प्रतिकृतीत नळी किंवा शंकू रुतवला जातो. मिळणारा रोध प्रत्यक्ष मोजमापाशी जुळेपर्यंत गृहीतके बदलली जातात. तरीही खोलवरची सैल वाळू आणि उथळ थरातील घट्ट वाळू एकच आकडा देऊ शकतात. खरे काय, ते जागेवरच्या नोंदीच ठरवतात.

काम चालू असताना जमिनीचे निरीक्षण करावे आणि अंदाज चुकला तर आराखडा बदलावा, हा टर्झागी यांचा आग्रह म्हणूनच आजही लागू आहे. कॅनडातील मिशन धरणाच्या अवघड पायासाठी त्यांनी हीच पद्धत वापरली. १९६५ मध्ये त्या धरणाला त्यांचे नाव देण्यात आले.