गोपाळबाबा वलंगकर: बंद झालेल्या लष्करभरतीविरुद्ध उभा राहिलेला हवालदार

लांज्यापासून मंडणगडापर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातली जमीन कातळाची आणि शेती तुटपुंजी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथल्या माणसाची नजर नोकरीसाठी घाटावर किंवा मुंबईकडे असे. पण ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांच्यासाठी मुंबईतही सगळे दरवाजे उघडे नव्हते. कापड गिरण्यांत त्यांना काम मिळे, मात्र जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात नाही. तिथे धोट्यात सूत ओढायला तोंड लावावे लागे, आणि त्याचा विटाळ होतो असे इतर कामगार मानत.

अशा वेळी लष्कर ही मोठी संधी होती. ती बंद झाली तेव्हा पहिल्यांदा संघटितपणे दाद मागणाऱ्यांत गोपाळबाबा वलंगकर यांचे नाव येते.

कोण होते गोपाळबाबा?

त्यांचा जन्म महाडजवळच्या रावढूळ गावात एका महार कुटुंबात झाला. ते लष्करात भरती झाले, हवालदार झाले आणि १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहिले. त्या काळी दापोलीत पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबांवर महात्मा फुले यांच्या विचारांचा प्रभाव होता. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून ते लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यतेला आधार काय, असा जाब उच्चवर्णीयांना विचारला. 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्थाही त्यांनी स्थापन केली.

लष्करातली नोकरी इतकी महत्त्वाची का होती?

गावात महारांना गावकीची कामे करावी लागत आणि त्याबदल्यात धान्य किंवा उरलेसुरले अन्न मिळे. पलटणीत मात्र दरमहा रोख पगार, बढती आणि शेवटी पेन्शन होती. शिवाय सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकण्याची सोय होती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ लष्करातच शिकले आणि लष्करी शाळेत शिक्षक झाले. त्यांचे पुत्र म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. म्हणजे भरती थांबली की पगाराबरोबर पुढच्या पिढीची शाळाही जाणार होती.

भरती का थांबली?

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक कंपनी सरकारच्या काळापासून होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतही ते लढले होते. पण १८५७ नंतर इंग्रजांचे धोरण बदलत गेले. काही जाती आणि जमाती जन्मतःच लढवय्या असतात, बाकीच्या नसतात, असा समज सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात पक्का झाला. १८९२-९३ च्या सुमारास पलटणी जातवार रचल्या गेल्या आणि त्यात महारांना जागाच उरली नाही. उमेदवाराची छाती, उंची किंवा नेमबाजी पाहण्याआधीच त्याची जात पाहून त्याला नाकारले जाऊ लागले.

गोपाळबाबांनी काय केले?

१८९४ मध्ये त्यांनी आपल्या मंडळीच्या वतीने सरकारसाठी अर्ज तयार केला. महार, मांग, चांभार यांना पुन्हा भरती करून घ्यावे, ही त्यातली मागणी होती. हे लोक मूळचे क्षत्रियच आहेत, असा त्यांचा दावा होता. सरकारचे धोरण वंशावर उभे होते, म्हणून त्यांनी उत्तरही वंशाच्याच भाषेत दिले.

अर्जाला यश आले नाही. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांना ती रुचली नाही. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

मागणी मात्र थांबली नाही. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला आणि लष्कराबरोबर पोलिसांतल्या नोकऱ्याही मागितल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात स्थापन झाली, तीही दुसरे महायुद्ध सुरू असताना.

अर्ज लिहिणाऱ्या हवालदाराने हे काही पाहिले नाही. सरकारी नोकरीत जातीवरून कुणालाही डावलता येणार नाही, हे १९५० मध्ये संविधानाच्या सोळाव्या कलमाने कायम केले. ते संविधान घडवणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष रामजी सुभेदारांचे पुत्र होते.